छपराला परवाना, डोंगराला सूट?



२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा गावच्या घरावर आंब्याची फांदी पडली. चार वासे मोडले, कौलांचा चुरा झाला. पाऊस तोंडावर, मी बंगळूरला. बाबा दुरुस्तीच्या परवान्यासाठी गेले, तर घर अजून आजोबांच्या नावावर! सगळ्या काका-आत्यांच्या सह्या आणा म्हणाले. तो पावसाळा आई-बाबांनी ताडपत्रीखाली काढला.

गेल्या वर्षी एक दलाल आला. घरामागच्या आमच्या काजूच्या भाटाचा झोन बदलून देतो म्हणाला. सह्यांचे काय, तर "ते मी बघतो."

मी कायदा वाचायला बसलो. गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात २०२३ साली कलम १७(२) आले. प्रादेशिक आराखड्यातली 'चूक' दुरुस्त करण्यासाठी मालकाने अर्ज करायचा. त्याखालचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. पण २०२४ साली ३९अ आलेच होते. त्यात झोन बदलावर हरकत घ्यायला लोकांना तीस दिवस मिळतात.

उलट, भाट हिरवेच ठेवायचे असेल तर? वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३६क कलमाखाली मालक स्वतःहून तयार असेल तर खाजगी जमीनही 'सामुदायिक राखीव' होऊ शकते. पण त्याला सरकारी अधिसूचना लागते, व्यवस्थापन समिती लागते. आमच्या दीड एकराला ते कसे झेपणार?

मला दोनच बदल सुचतात. आपत्तीत मोडलेले घर त्याच जोत्यावर, त्याच उंचीचे बांधायचे असेल तर जुने फोटो जोडून कळवावे आणि काम सुरू करावे, तपासणी नंतर. दुरुस्तीच्या नावाखाली कोणी मजला चढवलाच तर फोटो खोटे बोलणार नाहीत. दुसरे, जमीन राखू इच्छिणाऱ्या लहान मालकासाठी एक साधा अर्ज आणि थोडी करसवलत.

काका म्हणतात, "हिरवळीवर मुलांची फी भरता येत नाही." त्यांचे चूक नाही. पण आमच्या विहिरीला पाणी त्याच उतारावरून येते.

येत्या चवथीला सगळे जमतील, तेव्हा हा विषय काढणार आहे. तुम्हीही आपल्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढा. नावे कोणाची ते त्यात बघा, झोन कोणता तेही वेगळे बघून ठेवा. वादळ आणि दलाल, दोघेही सांगून येत नाहीत.