आमदार पडले, दावे तसेच



२४ ऑक्टोबर २०१९ ला निकाल लागला. कळवण मतदारसंघात कॉ. जिवा पांडू गावीत पडले, राष्ट्रवादीचे नितीन पवार निवडून आले. तेव्हापासून ज्या पाड्यावर मिटिंगला जावं तिथं एकच प्रश्न, "आता आपल्या जमिनीचं विधानसभेत बोलंल कोण?" आम्ही गावितांच्या पक्षाचे नाही. तरी हा प्रश्न टाळून पुढं जाता येत नाही.

गावीत सुरगाणा तालुक्यातल्या अलंगुणचे, आपल्यातलेच. १९७८ साली पहिल्यांदा आमदार झाले, तेव्हा आमच्यातले बहुतेक जन्मलेही नव्हते. पुढं जिंकत-हरत एकूण सात वेळा निवडून आले, ते लाल बावट्यावरच. पक्ष बदलला नाही. त्या निकालानंतर मुंबईत आमदार हॉटेलात कोंडून ठेवले होते, कोण कोणाकडं पळंल याचा भरोसा नव्हता. म्हणून ही साधी गोष्टसुद्धा मोठी वाटते.

२०१४ ला ते निवडून आले तेव्हा २८८ आमदारांत त्यांच्या पक्षाचे ते एकटेच. एका हातानं तिथं काही पास होत नाही. जे झालं ते रस्त्यावर झालं. किसान सभेचा मोर्चा ६ मार्च २०१८ ला नाशिकहून निघाला. साधारण १८० किलोमीटर, उन्हात, डांबरावरून. बायांच्या तळपायाची सालटी निघाली. शेवटच्या रात्री दहावीच्या पोरांच्या परीक्षेला अडथळा नको म्हणून न झोपता चालत आझाद मैदान गाठलं. आमदार त्यात होते, आणि आत बोलणीलाही होते. सरकारनं लेखी दिलं, वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू. सहा महिने होऊन गेले. फेब्रुवारी २०१९ मध्ये परत मोर्चा निघाला, परत लेखी आश्वासन.

सातदा आमदार होऊनही सुरगाण्यात उन्हाळा आला की बाया हंडा घेऊन कोस कोस चालतात, हे पण खरं. त्यांना मानणाऱ्यांनी याचा राग धरू नये. ज्याला आपण आपला म्हणतो त्यालाच विचारता येतं.

पण "कोण बोलंल" या प्रश्नात आपली एक चूक आहे. दावा कुठं मंजूर होतो ते बघा. वनहक्क समिती तपासते, ग्रामसभा ठराव करते, मग प्रांताची उपविभागीय समिती, मग कलेक्टरची जिल्हा समिती. या साखळीत आमदाराची खुर्चीच नाही. कायदा करणाऱ्यांनी पहिली सही ग्रामसभेला दिली, आणि आपण मात्र फाईल घेऊन आमदाराच्या घरासमोर बसतो. आमदार दबाव आणतो, तो लागतोच. पण आपल्या एका गावात दावे पडले ते आमदार नव्हता म्हणून नाही. ठरावावर तारीख नव्हती, आणि म्हाताऱ्यांचा जबाब कोणी लिहून घेतला नव्हता. त्यात आमचीही चूक, आम्ही वेळेवर गेलो नाही.

१२ नोव्हेंबर २०१९ ला राष्ट्रपती राजवट लागली. तेव्हा मंत्री कोणीच नव्हता, पण प्रांत आणि कलेक्टर जागेवर होते. अवकाळी पावसानं भात आडवा झाला होता, पंचनामे चालू होते. ज्याच्या नावे सातबारा नाही त्याच्या शेतात तलाठी उतरत नाही, बांधावरनंच "ही फॉरेस्टची" म्हणून पुढं जातो. सरकार बनायची वाट बघण्यात हंगाम जातो.

तेव्हा या महिन्यात प्रत्येक गावानं ग्रामसभा घ्यावी. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनची कसवणूक पाहिलेल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून अंगठे घ्या. ते पुराव्यात धरतात, आणि ती माणसं दरवर्षी कमी होत चाललीत. दावा नामंजूर असेल तर कारण लेखी मागा, तोंडी ऐकून परत येऊ नका. कागद हातात पडला की त्याच दिवशी मागच्या बाजूला तारीख लिहा. अपिलाला साठ दिवस असतात.