छायाचित्रांची आवक

आपल्यापैकी अनेक पेढ्यांची आता स्वतःची संकेतस्थळे झाली आहेत. ग्राहक, अडते आणि विक्रेते तेथे खाते उघडतात, तेव्हा प्रत्येकाचे छायाचित्रही सोबत येते. वधू-वर परिचयाच्या संकेतस्थळाचे तर छायाचित्रावाचून चालतच नाही. संकेतस्थळ करून घेताना खर्चाची आणि रंगरूपाची चर्चा पुष्कळ होते. आलेले छायाचित्र आत कसे घेतले जाते, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

गोणीवरची चिठ्ठी वाचून माल उतरवून घेणारा व्यापारी विरळाच. फाइलच्या नावापुढचे ‘जेपीजी’ हे शेपूट आणि ब्राउझरने कळविलेला फाइलचा प्रकार, ही अशीच पाठविणाऱ्याने लावलेली चिठ्ठी होय. खरे जेपीईजी चित्र ‘एफएफ डी८ एफएफ’ या बाइटांनी सुरू होते. तेवढे तपासणे आवश्यक आहे. पण वरच्या थरात चांगला माल आणि तळाशी भेसळ हा प्रकार आपल्या वाचकांस समजावून सांगावयास नको. म्हणून चित्र पूर्ण उलगडून, लहान करून, नव्याने लिहून ठेवावे आणि मूळ फाइल टाकून द्यावी, हाच उत्तम मार्ग. ‘एसव्हीजी’ प्रकार तर नाकारलेलाच बरा. त्यात चित्राच्या मिषाने चालता प्रोग्राम दडविता येतो.

उलगडण्यापूर्वी चित्राची लांबी-रुंदी पाहावी. १०,००० गुणिले १०,००० बिंदूंचे एकरंगी चित्र फाइल म्हणून अगदी लहान असू शकते, परंतु उलगडताच ते सुमारे ४० कोटी बाइट स्मृती व्यापते. चित्रे हाताळणारी साधनेही अद्ययावत हवीत. २०१६ साली ‘इमेजमॅजिक’ या बहुप्रचलित साधनात असा दोष उघड झाला, की विशिष्ट रीतीने रचलेली फाइल चढवून सर्व्हरवर परक्याला आपले हुकूम चालविता येत.

आता खरी काळजीची गोष्ट. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात तारीख आणि यंत्राचे नाव यांखेरीज, स्थाननोंद चालू असल्यास, अक्षांश-रेखांशही असतात. डिसेंबर २०१२ मध्ये जॉन मॅकॅफी हे संगणक-सुरक्षेतील नामांकित उद्योजक पोलिसांना चुकवीत फिरत होते. ‘व्हाइस’ने त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध केले आणि त्यातील नोंदीवरून ते ग्वाटेमालात असल्याचे जगाला कळले. सुरक्षेच्या व्यवसायात नाव कमावलेल्या माणसाची ही कथा! मग घराच्या गच्चीवर काढलेले मुलीचे छायाचित्र जसेच्या तसे संकेतस्थळावर ठेवणे म्हणजे घराचा पत्ता वाटणे होय. नव्याने लिहिताना ही नोंद गळते, मात्र काही साधने ती सोबत नेतात. तेव्हा ती पुसली जाते की नाही, हे पडताळून घ्यावे. याच नोंदीत चित्र उभे की आडवे हेही लिहिलेले असते. आधी चित्र त्यानुसार फिरवून मग नोंद पुसावी, नाहीतर माणसे आडवी झोपलेली दिसतात.

फाइलला पाठविणाऱ्याने दिलेले नाव ठेवू नये. अनुक्रमांक तर मुळीच देऊ नये. १०१ नंतर १०२ टाकून पाहण्यास हुशारी लागत नाही, आणि एका रात्रीत सर्व मुलींची छायाचित्रे भलत्याच्या हाती जातात. अंदाज करता न येणारे नाव द्यावे, फाइल उघड्या फोल्डरबाहेर ठेवावी आणि प्रवेशाचा अधिकार तपासूनच ती दाखवावी.

विवाह जुळला, की कुटुंब छायाचित्र काढून टाकण्यास सांगते. पडद्यावरून ते जाते. लघुचित्रे आणि राखीव प्रती मात्र तशाच राहतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमती मागे घेण्याचा आणि माहिती पुसून घेण्याचा हक्क मान्य केला आहे. सर्व प्रती किती दिवसांत नष्ट होतील, हे करारातच लिहून घ्यावे.

घरच्यांसाठी एक लहानशी गोष्ट. व्हॉट्सॲपवर नेहमीप्रमाणे ‘फोटो’ म्हणून पाठविलेल्या चित्रातील स्थाननोंद निघून जाते. स्पष्ट दिसावे म्हणून तेच चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून धाडले, तर ती तशीच पोहोचते.