अडथळा नसलेला हार्ट अटॅक

14 डिसेंबर 2023 ला मुंबईत दिवसभराचं चित्रीकरण आटोपून घरी परतलेल्या अभिनेते श्रेयस तळपदे यांना हार्ट अटॅक आला, तेव्हा ते 47 वर्षांचे होते. पत्नी दीप्ती यांनी वेळ न दवडता त्यांना रुग्णालयात नेलं. हृदय थांबलं होतं. छाती दाबून आणि विजेचा झटका देऊन डॉक्टरांनी ते पुन्हा सुरू केलं आणि अँजिओप्लास्टी केली. इतक्या धडधाकट माणसाला अटॅक कसा, असं बातमी वाचून अनेकांना वाटलं, पण कारण ओळखीचं होतं. रोहिण्यांमध्ये अडथळे होते. चरबी साचते, तिच्यावर रक्ताची गुठळी धरते आणि रक्त अडतं, एवढं आता कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

पण चरबीच साचली नसेल तर?

अमेरिकेतल्या कॅथरीन लिऑन यांना 2003 मध्ये अटॅक आला. वय 38. दुसऱ्या मुलाच्या जन्माला काही आठवडेच झाले होते. बाळंतिणीच्या छातीत दुखलं तर हृदयविकार सहसा कुणाच्या मनातही येत नाही. तपासात कळलं की हृदयाला रक्त पुरवणारी रोहिणी आतून फाटली आहे. त्यांची बायपास झाली, त्या वाचल्या. हे का झालं आणि पुन्हा होईल का, हे मात्र कुणी ठामपणे सांगू शकेना. आजार इतका दुर्मीळ मानला जाई की बहुतेक डॉक्टरांनी त्याचा एखादाच रुग्ण पाहिलेला असे.

या आजाराचं नाव स्पॉन्टेनियस कोरोनरी आर्टरी डिसेक्शन, थोडक्यात ‘स्कॅड’. रोहिणीची भिंत तीन थरांची असते. गोधडीचं अस्तर सुटावं तसा तिचा आतला थर सुटतो आणि त्या फटीत रक्त शिरतं. कधी थर फाटत नाही, पण भिंतीच्या आतच रक्तस्राव होऊन ती फुगते. दोन्हींचा परिणाम एकच. काही मिलिमीटर रुंदीच्या रोहिणीतली रक्ताची वाट आवळली जाते आणि पुढच्या स्नायूला रक्त मिळेनासं होतं. पहिली नोंद 1931 ची, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रेटी नावाच्या डॉक्टरांची. रुग्ण होती 42 वर्षांची स्त्री, आणि निदान झालं ते शवविच्छेदनात. पुढची कित्येक दशकं हा आजार बहुतांशी तिथेच सापडत राहिला.

लिऑन यांनी स्वतःसारख्या बायका शोधायला सुरुवात केली. इंटरनेटवरून एकेक करत त्या सापडत गेल्या. 2009 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या एका कार्यक्रमात लिऑन यांनी हृदयरोगतज्ज्ञ डॉ. शॅरन हेज यांना गाठून सांगितलं, ‘रुग्ण आहेत, तुम्ही संशोधन करा.’ छोट्या प्राथमिक अभ्यासासाठी 12 रुग्ण हवे होते, आठवड्याभरात 18 जणी पुढे आल्या. मेयोच्या डॉक्टरांनी 2012 मध्ये 87 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं सरासरी वय 43 च्या आत होतं आणि पाचांत चार बायका होत्या. आजारातून उठलेल्या एका आईने डॉक्टरांना कामाला लावलं, ही वैद्यकाच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे आणि ती आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या 2018 च्या निवेदनानुसार, पन्नाशीच्या आतल्या बायकांना येणाऱ्या अटॅकपैकी 35 टक्क्यांपर्यंत स्कॅडमुळे असू शकतात. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर येणाऱ्या अटॅकचं तर हे सर्वांत मोठं कारण. आकडे मुख्यतः पाश्चात्त्य देशांतले आहेत. आपल्याकडे चरबीचे अडथळेही लहान वयात होतात, त्यामुळे इथलं प्रमाण वेगळं असेल. पण तरुण बाईच्या छातीतली कळ हृदयाची असू शकते, एवढं इथेही तितकंच खरं आहे.

आता हे सगळं भंडारा जिल्ह्यातल्या वरठीत आणून पाहायला हवं. मुंबई-हावडा लोहमार्गावरचं भंडारा रोड स्टेशन आणि सनफ्लॅगचा पोलाद कारखाना यांमुळे गाव नकाशावर ठळक आहे. भंडारा जवळ, नागपूर सुमारे साठ किलोमीटर. आजूबाजूला धानाची शेती. रोवणीत दिवसभर कंबरेत वाकलेल्या बाईची पाठ दुखते, खांदे भरून येतात, दम लागतो. त्यातच छातीत कळ आली, जबडा आणि डावा हात जड झाला, घाम फुटला, मळमळलं, तर ती काय म्हणेल? पित्त झालं असेल. ओवा खाईल, स्वयंपाक उरकेल, मग पडेल. घरातलेही तेच म्हणतील, कारण तिला ना शुगर, ना बीपी, ना वय. स्कॅडच्या पुष्कळ रुग्णांची प्रकृती अशीच असते, आणि म्हणून अनेकींना पहिल्या फेरीत अ‍ॅसिडिटीची किंवा घबराटीची गोळी देऊन घरी पाठवलं जातं.

उपचारही थोडे वेगळे आहेत. नेहमीच्या अटॅकमध्ये स्टेंट टाकून वाट मोकळी करतात. फाटलेल्या रोहिणीत तार घालताना ती सुटलेल्या थरात घुसू शकते, फाट वाढू शकते. रक्तप्रवाह टिकून असेल आणि रुग्ण स्थिर असेल, तर बहुतेक वेळा स्टेंट न टाकता औषधं देतात आणि काही दिवस रुग्णालयात नजरेखाली ठेवतात. बहुतेकींची रोहिणी काही आठवड्यांत-महिन्यांत आपोआप सांधते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शनही स्कॅडमध्ये शक्यतो टाळतात. पण हे वाचून कुणी ऐनवेळी डॉक्टरांशी वाद घालू नये. अँजिओग्राफीशिवाय स्कॅड ओळखता येत नाही आणि नेहमीच्या अनेक अटॅकमध्ये ते इंजेक्शन जीव वाचवतं.

वाचल्यावरही काळजी संपत नाही. काहींना हा झटका पुन्हा येतो, म्हणून रक्तदाब ताब्यात ठेवावा लागतो, बीटा ब्लॉकर गोळ्या दिल्या जातात, जड ओझं उचलायला मनाई असते. मान, मूत्रपिंड अशा इतर ठिकाणच्या रक्तवाहिन्याही तपासतात, कारण त्यांच्या भिंतींतही दोष सापडतो. पुढच्या गरोदरपणाचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञाला विचारूनच घ्यायचा. आणि भीती. धडकी भरली की पुन्हा तेच झालं असं वाटतं. ती भीती खरी आहे, तिला नाटक म्हणू नये.

वरठीच्या, मोहाडीच्या, भंडाऱ्याच्या प्रत्येक घराला एवढंच सांगणं आहे. आई, बहीण, सून किंवा ओली बाळंतीण छातीत दुखतंय म्हणाली, तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा. ईसीजी काढायला लावा. तो ठीक आला आणि दुखणं थांबलं नाही, तर ट्रोपोनिनची रक्ततपासणी करा, काही तासांनी पुन्हा करा आणि ईसीजीही पुन्हा काढा. बाळंतपण कधी झालं, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा. खर्चाच्या धास्तीने थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाचे अनेक उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत घेऊन निघा.