जुना माग म्हणजे भंगार?

आपल्या इचलकरंजीत साधे माग किलोवर भंगारात निघालेत. कुणाला काही वाटत नाही.

जपानातलं कोजिमा बघा. पूर्वी शाळेचे गणवेश शिवणारं गाव. आज तिथले छोटे कारखानदार जुन्या धोट्याच्या मागावरचं डेनिम घेऊन १९४०-५० च्या अमेरिकन जीन्स हुबेहूब शिवतात. कापड अरुंद, वेग कमी; पण काठ पक्का. शौकीन त्याला वीस-वीस हजार मोजतात. खुद्द अमेरिकेत असं डेनिम विणणारी ग्रीन्सबरोची व्हाइट ओक गिरणी २०१७ ला बंद पडली. कोजिमा चालूच आहे.

फरक नुसत्या मागाचा नाही. ते स्वतःच्या नावानं विकतात. आपला खर्चीवाला दुसऱ्याच्या सुतावर मजुरी मोजतो. अनुदान नव्या मागाला. जुन्या मागावरच्या कसबी हाताला काय? पुढाऱ्यांनो, बोला की!