ग्लू गन खाली ठेवा

वलगावहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. पत्र तक्रारीचं आहे आणि तक्रार आपल्या आरास-सजावटीच्या व्यवसायाबद्दल आहे, म्हणून ते बाजूला सारून चालणार नाही. घर दोन खोल्यांचं. सासूबाईंच्या महालक्ष्म्या पिढ्यानपिढ्या बसतात. पत्र लिहिणाऱ्या ताई बौद्ध घरातून आलेल्या, त्यामुळे बुद्धपौर्णिमा, 14 एप्रिल आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन घरात होतो. धाकटी जाऊ ख्रिस्ती, तिचा नाताळ. सण सगळ्यांचे आनंदाने होतात, कुरबुर होते ती माळ्यावरच्या जागेवरून. गेल्या भाद्रपदात घेतलेलं मखर विसर्जनानंतर दाराआड उभं राहिलं. दिवाळीचा कंदील त्याच्याच आत कोंबला. डिसेंबरात चांदणी आणि गव्हाण आणायची वेळ आली तेव्हा मखराची एक बाजू मोडलेली होती. ज्याच्याकडून घेतलं त्याला विचारलं, परत घेता का, दुरुस्त करता का? उत्तर मिळालं, नवीन घ्या. ताई विचारतात, "तुमचे लोक प्रत्येक सणाला नवं विकतात. जुनं ठेवायचं कुठे, हे कोण सांगणार?"

हा प्रश्न वाजवी आहे, आणि उत्तर देण्याची जबाबदारी आपली आहे.

यंदा अधिक ज्येष्ठामुळे सण लांबले. गणेशचतुर्थी 14 सप्टेंबरला, दसरा 20 ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. 14 ऑक्टोबरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन दसऱ्याच्या आधी सहाच दिवस येतो. पहिल्या मखरापासून नाताळच्या चांदणीपर्यंत जेमतेम साडेतीन महिने. ज्या घरात दोन-तीन धर्मांचे सण होतात तिथे एवढ्या काळात पाच वेळा भिंत बदलते. अशी घरं आपल्या प्रत्येकाच्या गिऱ्हाईकांत आहेत. ती माणसं हल्ली मोबाईलवर बघून घरच्या घरी आरास करतात, आणि आपण म्हणतो, धंदा गेला. धंदा गेलेला नाही. त्यांना हवी ती वस्तू आपण बनवलेलीच नाही.

आधी सरकारी कारभाराबद्दल बोलू, कारण सभासदांचा राग तिथे आहे आणि तो रास्त आहे.

थर्मोकोलबंदी आपल्याला मान्य आहे, हे या मासिकाने वारंवार लिहिलं आहे. राज्याची अधिसूचना 23 मार्च 2018ची. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा, तिसऱ्याला पंचवीस हजार रुपये आणि तीन महिने कैद. त्या वर्षी गणेशोत्सवापुरती सवलत मागण्यासाठी आपल्यातलेच काही व्यावसायिक उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने सवलत दिली नाही, आणि ते योग्यच झालं. पुढे केंद्राने 12 ऑगस्ट 2021ला एकदाच वापरायच्या प्लास्टिकची यादी काढली आणि ती 1 जुलै 2022पासून लागू केली. त्या यादीत 'सजावटीसाठीचा थर्मोकोल' असे शब्द आहेत. घोळ आहे तो इथेच. बंदी पदार्थावर नाही, त्याच्या वापरावर आहे. टीव्हीच्या नि फ्रिजच्या खोक्यातून तोच थर्मोकोल घरात येतो. त्याला कोणी विचारत नाही. तोच कापून त्याची कमान केली की गुन्हा. पॅकिंगचा माल म्हणून बिल फाडून शीट विकणारा मोकळा, आणि ती कोरणारा कारागीर दोषी.

अंमलबजावणीची तऱ्हा त्याहून वाईट. सभासदांच्या पत्रांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येते: पथक येतं ते हरतालिकेच्या आदल्या दिवशी, आणि येतं ते हातगाडीवर. आषाढात शीट ज्या गोदामातून निघाली त्याचं दार कोणी वाजवत नाही. जप्त माल पथक ट्रॅक्टरमध्ये भरून नेतं. पुढे त्याचं काय होतं, हे कोणत्याही पावतीवर लिहिलेलं नसतं.

प्लास्टिकच्या फुलांचं आणखी निराळं. केंद्राच्या त्या यादीत ती नाहीत. फुलउत्पादकांची संघटना त्यांवरच्या बंदीसाठी उच्च न्यायालयात गेली. 2025च्या पावसाळी अधिवेशनात बंदी आणण्याची घोषणा झाली. घोषणेवर दुकान चालत नाही, ते लेखी आदेशावर चालतं. आणि आदेश येतो तोही काम अंगावर आल्यावर. मूर्तिकार बांधवांनी गेल्या वर्षी हेच सोसलं. सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायच्या, हा उच्च न्यायालयाचा आदेश 24 जुलैला आला आणि गणपती 27 ऑगस्टला बसले. तोवर कारखान्यांत मूर्तींना रंग चढलेला होता.

आपल्या मागण्या थोड्या आहेत आणि त्या स्पष्ट मांडल्या पाहिजेत. सणाच्या साहित्याबद्दलचा कोणताही आदेश अक्षय तृतीयेच्या आत निघावा. कारवाई गोदामापासून सुरू व्हावी. विसर्जनाच्या जागी निर्माल्यकुंडाबरोबर मखर-आरास जमा करायची वेगळी सोय असावी. आणि प्लास्टिक फुलांवर काय ते एकदा लेखी सांगावं.

आता आपल्याकडे वळू. कारण अधिकाऱ्यांवर बोट ठेवून आपले सभासद मोकळे होणार असतील तर या मासिकाला त्यांची बाजू घेता येणार नाही.

थर्मोकोल गेला आणि त्याच्या जागी सनबोर्ड आला, ईव्हीएची फोम शीट आली. 'हा थर्मोकोल नाही' असं गिऱ्हाईकाला छातीठोकपणे सांगितलं जातं. सनबोर्ड म्हणजे पीव्हीसीचाच फोम. तो थर्मोकोलसारखा भुरभुरत नाही एवढाच फरक. त्यावर वेल्वेट पेपर, त्यावर लेस, त्यावर कुंदन, आणि हे सगळं ग्लू गनने चिकटवलेलं. गरम डिंक एकदा बसला की कापड सुटत नाही, बोर्ड सुटत नाही, लेस ओढली की फाटते. वस्तू धुता येत नाही, घडी घालता येत नाही, दुरुस्त होत नाही. वलगावच्या ताईंचं मखर दाराआड मोडलं ते याच कारणाने. तुम्ही ते सुटं करता येईल असं बनवलंच नव्हतं. जी आरास उतरवून ठेवता येत नाही, ती कचरा म्हणूनच विकली जाते. पदार्थ कोणताही असो.

म्हणून सांगणं आहे, ग्लू गन खाली ठेवा. घरच्या आरासीत जोड सुटला पाहिजे.

हे अवघड नाही. अमरावतीहून परतवाड्याच्या वाटेवर वलगाव लागतं, आणि परतवाड्याच्या वर मेळघाट आहे. मानवेल आणि कटांग आपल्याला दारात मिळतो. लवाद्याच्या संपूर्ण बांबू केंद्राने कोरकू कारागिरांच्या हातून बांबूच्या राख्यांपासून घरगुती सामानापर्यंत काय काय करून दाखवलं, हे आपण जाणतो. शेतातला बांबू 2017 सालीच वन कायद्यातल्या वृक्षाच्या व्याख्येतून निघाला आहे, तरी 'पास लागेल' या धास्तीने आपले लोक अजून शहरातून पाइप आणतात. ही धास्ती सोडा.

परतवाड्याकडच्या एका कारागिराने केलेला सांगाडा आम्ही हातात घेऊन पाहिला. उभे दांडे मानवेलचे, म्हणजे भरीव. प्रत्येक दांड्याचे तीन-तीन फुटांचे दोन तुकडे. ते जोडायला वीतभर लांबीची कटांगाची नळी, आतून घासून गुळगुळीत केलेली. दांड्याची दोन्ही टोकं नळीत बसतात आणि सुतळीचा एक फास वरून आवळला की सहा फुटी दांडा हलत नाही. वरचा आडवा दांडा मुद्दाम जाड, कारण महालक्ष्म्यांचा फुलोरा त्याला टांगायचा असतो. करंज्या, पापड्या, वेण्या-फण्यांचं ओझं कमी नसतं. खिळा एकही नाही. सगळं सुटं केलं की तीन फुटांची एक मोळी होते आणि ती पलंगाखाली जाते. बांबू बोरॅक्स-बोरिकच्या द्रावणात मुरवलेला असल्याने भुंग्याची भीती नाही.

पडद्याला नेफा शिवा आणि नाडी ओवा. स्टेपल मारू नका. झालर टिचबटणावर लावा. मग कापड धुता येतं. प्रत्येक सणाची पिशवी वेगळी, पिशवीवर सणाचं नाव आणि पंचांगाच्या क्रमाने आकडा. दिव्यांची माळ पुठ्ठ्यावर गुंडाळलेली, मुखवटे मलमलीत, पेटीच्या तळाशी कडुनिंबाचा वाळलेला पाला. हे घराच्या लेकी-सुनांना आपण शिकवायचं, आणि शिकवण्याचे पैसे मोकळेपणाने घ्यायचे. मंडप-बिछायतवाले पिढ्यानपिढ्या भाड्यावर धंदा करतात. घरच्या सांगाड्यालाही भाडं लावता येतं.

नाताळच्या झाडाबद्दल विचारणा बरीच होते. प्लास्टिकचं झाड बाहेरून आणून विकण्याची गरज नाही, आपल्या कापसाच्या मुलखात पऱ्हाटी आहे. डिसेंबरात ती उपटली जातेच. चांगल्या फांद्यांची पऱ्हाटी निवडा, मातीच्या कुंडीत रोवा, दोन-चार फुटलेली स्वच्छ बोंडं बांधा. कापसाचं झाड म्हणून ते जसं शोभतं तसं कोणतंही आयात झाड आपल्या घरात शोभणार नाही. मात्र दोन पथ्यं कडक पाळा. झाडावरची किडकी, कवडी बोंडं एकूण एक तोडून जाळा, कारण गुलाबी बोंडअळी त्यातच दडून राहते आणि 2017 साली तिने काय केलं ते वऱ्हाड विसरलेलं नाही. आणि वाळलेली पऱ्हाटी नि कापूस यांच्याजवळ मेणबत्ती नको. तिथे एलईडीचीच माळ हवी.

आणखी एक गोष्ट, आणि ती तंत्राची नाही. अनेक सण होणाऱ्या घरासाठी आपल्यातल्या काहींनी 'सर्वधर्म' आरास काढली आहे. ओम, धम्मचक्र, क्रूस आणि चांदतारा एका पाटीवर चिकटवायचे आणि वर्षभर चालेल म्हणून विकायचं. हे बंद करा. ऑक्टोबर 1956मध्ये नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत गौरी-गणपतीची उपासना न करण्याची प्रतिज्ञा आहे. ती पाळणारी माणसं आणि मनोभावे महालक्ष्म्या बसवणारी माणसं एका छपराखाली प्रेमाने राहतात. ती एकमेकांची श्रद्धा ओळखून राहतात, कोणाची श्रद्धा पातळ करून नाही. त्यांच्या भिंतीवर आपण खिचडी मांडायची नाही. महालक्ष्म्यांचं हळदी-कुंकू लागलेलं कापड बुद्धमूर्तीमागे लावू नका. वंदनेसाठी पांढरं स्वच्छ वस्त्र आणि पंचशील ध्वज वेगळा ठेवा. गव्हाणीचं गवत, चांदणीचा कागद वेगळा. दांडे तेच चालतील का, हेही घरात विचारा. चालत नसतील तर दुसरा सांगाडा द्या आणि वाद घालू नका. कोणाच्या घरात काय चालतं हे ज्याला विचारता येत नाही, त्याने घरची कामं घेऊ नयेत.

वलगावचं नाव आपण घेतो तेव्हा पेढी नदीचा काठ आठवल्याशिवाय राहत नाही. 20 डिसेंबर 1956ला गाडगेबाबांनी तिथे देह ठेवला. शेंडगावात जन्मलेल्या या माणसाने गावोगाव आधी खराटा चालवला, मग ते कीर्तनाला उभे राहिले. सणावारी कर्ज काढून उधळपट्टी करू नका, हे त्यांनी हयातभर सांगितलं. त्यांच्या नावाने राज्यात ग्रामस्वच्छता अभियान चालतं, आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी नदीकाठी जे साचतं त्यात आपल्या हातचा माल असतो. हे आपल्याला शोभत नाही. वऱ्हाडातल्या कारागिराला तर मुळीच शोभत नाही.

म्हणून सभासद बंधू-भगिनींना आवाहन आहे. यंदा 20 डिसेंबरला, नाताळच्या आधी पाच दिवस, प्रत्येकाने आपल्या दुकानापुढे परतावा दिवस ठेवावा. आपण विकलेलं मखर, कंदील, झालर, मोडलेलं असो वा धड, परत घ्यावं. दुरुस्त होईल ते दुरुस्त करून द्यावं. उरलेल्याची विल्हेवाट स्वतः लावावी. दारात आलेल्या गिऱ्हाईकाला 'नवीन घ्या' हे उत्तर यापुढे कोणीही देऊ नये. आणि या हंगामात ऑर्डर घेताना किमतीच्या आधी दोन गोष्टी विचाराव्यात: तुमच्या घरात कोणकोणते सण होतात, आणि सामान ठेवायला जागा किती आहे?

परतावा दिवस पाळणाऱ्यांनी श्रावण लागायच्या आत आपलं नाव, गाव आणि दुकानाचा पत्ता कार्यालयाकडे कळवावा. ती यादी गणपतीच्या अंकात पहिल्या पानावर छापली जाईल, म्हणजे वलगावपासून अकोल्यापर्यंतच्या घरांना कोणाकडे जायचं ते कळेल. ज्यांचं नाव त्या यादीत नसेल, त्यांनी यापुढे थर्मोकोलच्या कारवाईविरुद्ध या मासिकाकडे दाद मागू नये.