पादाक्रांत?

आपल्याकडचा कुणी गिर्यारोहक हिमालयात चढून गेला की वर्तमानपत्रातला मथळा ठरलेला : 'शिखर पादाक्रांत'. नाहीतर 'शिखर सर'. आयुष्यभर मुलांना मराठी शिकवले, त्यामुळे राहवत नाही. पादाक्रांत म्हणजे पायाखाली तुडवलेले. 'सर' हा तर गडकिल्ल्यांचा शब्द. कोंढाणा सर केला हे योग्यच, आत उदेभान बसला होता. कांचनगंगेवर कोण बसले आहे?

सिक्कीमच्या लोकांना विचाराल तर ते सांगतील, आमचा रक्षणकर्ता देव. (कांचनगंगा हे आपण केलेले रूप, मूळ नावाचा गंगेशी संबंध नाही. त्याचा अर्थ 'महाहिमाचे पाच खजिने' असा सांगतात.) पाच म्हणजे पाच माथे. मुख्य ८,५८६ मीटर, जगात तिसरे. शेजारी यालुंग कांग ८,५०५. मधले आणि दक्षिणेकडचे त्याहून किंचित कमी, आणि कांगबाचेन ७,९०३.

२५ मे १९५५ रोजी जॉर्ज बँड आणि जो ब्राउन नेपाळच्या बाजूने वर गेले. माथा उरला वीसेक फुटांवर, पाच फूट उंच. सोपा बर्फ. ते तिथेच थांबले, कारण माथ्याला पाय लावणार नाही असा शब्द सिक्कीमच्या राजाला दिलेला होता. दुसऱ्या दिवशी हार्डी आणि स्ट्रीदर गेले, तेही थांबले. १९७७ मध्ये कर्नल नरेंद्र कुमार यांच्या लष्करी तुकडीनेही हा मान राखला. आता लावा मथळा, पादाक्रांत!

आमचा भाचा म्हणतो, "मामा, तुम्ही शब्दांचा कीस काढता. जीव धोक्यात घालणाऱ्यांचे कौतुक नको का?" हवे ना! २०१९ मध्ये पुण्याच्या 'गिरिप्रेमी'चे दहा जण एकाच मोहिमेत हे शिखर चढून आले, तेव्हा माझाही ऊर भरून आला होता. पण वर फार वेळ थांबायचीही सोय नसते. प्राणवायू संपायच्या आत, हवा फिरायच्या आत उतरावे लागते. याला जिंकणे म्हणायचे?

सिक्कीमने आपल्या बाजूने चढाईला २००१ पासून बंदी घातली, तर तिला अंधश्रद्धा म्हणणारे विद्वान निघाले. त्यांतले किती जण स्वतःच्या देवघरात चपला घालून जातात, हे एकदा विचारायला हवे.

संपादकांना माझी सूचना साधी आहे. 'पोचले' असा एक शब्द मराठीत आहे. मथळ्यात जागाही कमी लागते.