हप्ता संपला तरी मशीन फुकट होत नाही

भोसरीच्या एमआयडीसीत कुठल्या ना कुठल्या गाळ्यात एक वाक्य हमखास कानावर पडतं : "मॅडम, मशीनचे हप्ते संपले. आता दर जरा खाली आणला तरी चालतंय." मी कॉस्ट अकाउंटंट आहे. छोट्या वर्कशॉपचे हिशेब बघते. मंदीनं खचलेले कारखानदार मी पाहिले आहेत, पण या समजुतीनं आतून पोखरलेले त्याहून जास्त पाहिले आहेत.

हिशेबच मांडते. समजा, ३० लाखांचं व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं मिलिंग मशीन, घेतलं. साडेसात लाख घरचे, साडेबावीस लाख बँकेचे. व्याज ११ टक्के, मुदत पाच वर्षं. हप्ता बसतो साधारण ४८,९०० रुपये. दोन पाळ्यांत सेटिंग, बिघाड आणि कामाचा खाडा वजा जाता मशीन महिन्याला ३०० तास चाललं, तर तासाला १६३ रुपये हप्त्यात जातात. वीज, ऑपरेटर, टूल, कूलंट, रिजेक्शन वेगळं. हे सगळं धरून मालक अवर रेट काढतो आणि पाच वर्षं त्याला चिकटून राहतो. शेवटचा हप्ता गेला की ते १६३ रुपये त्याच्या डोक्यातून पुसले जातात. मग खरेदी खात्यातला माणूस "शेजारचा ४० रुपयांनी कमी करतोय" म्हणाला, की हा ५० रुपये सोडून मोकळा होतो.

पण हप्ता म्हणजे मशीनचा खर्च नव्हे, ती बँकेची परतफेड. खर्च दोन प्रकारचा असतो. मशीन झिजतं, आणि त्यात पैसा अडकून पडतो. दहा वर्षांनी ते ६ लाखांना जाईल असं धरलं, तर २४ लाख झिजतात, म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार. सरासरी १८ लाख त्यात अडकलेले असतात. त्यावर १२ टक्क्यांनी २ लाख १६ हजार होतात. बेरीज ४ लाख ५६ हजार. वर्षाच्या ३,६०० तासांनी भागलं की तासाला १२७ रुपये येतात. हप्ते चालू असताना हे १२७ लागतात, संपल्यावरही लागतात. बँकेचा एक पैसाही न घेता मशीन आणलं असतं तरी लागले असते. ते दरात धरले नाहीत, तर स्पिंडल आवाज करू लागतो, माप मायक्रॉनमध्ये धरता येईनासं होतं, आणि नव्या मशीनच्या कर्जासाठी लागणारं मार्जिनही खिशात नसतं. पुन्हा तोवर मशीनची किंमत वाढलेलीच असते.

स्वतःच्या पैशावर व्याज कशाला धरायचं, हा प्रश्न मला नेहमी येतो. एफडीत सहा-सात टक्के मिळतात, मग तेवढंच धरा, असंही म्हणतात. मला ते मान्य नाही. बँकेकडे मशीन तारण आहे, मालकाची वैयक्तिक हमी आहे, बऱ्याचदा राहतं घरही आहे. धंदा बसला तर वसुलीच्या रांगेत बँक पहिली आणि मालक शेवटचा. शेवटच्या माणसाचा धोका सर्वांत मोठा, म्हणून त्याच्या पैशाचा दर बँकेच्या दरापेक्षा वरच असायला हवा. वडिलांनी घेऊन ठेवलेल्या प्लॉटचंही तसंच. 'जागा आपलीच' म्हणून भाडं शून्य धरतात. तोच गाळा दुसऱ्याला दिला असता तर दरमहा भाडं आलं असतं. बिलं करणाऱ्या, डिलिव्हरी चलन फाडणाऱ्या, बँकेत खेटे घालणाऱ्या बायकोचा पगार तर मी एकाही कोटेशनमध्ये पाहिलेला नाही.

शेतीत हा प्रश्न आपण फार आधी ओळखला. कृषी खर्च व मूल्य आयोग खर्चाच्या वेगवेगळ्या पातळ्या मोजतो. ए-२ म्हणजे शेतकऱ्यानं प्रत्यक्ष केलेला खर्च, त्यात घरच्या माणसांची मजुरी मिळवली की ए-२ अधिक एफएल. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याजही धरलं की सी-२. हमीभाव कशावर ठरवायचा, यावरून देशात आंदोलनं झाली. शरद जोशींनी १९८० मध्ये कांद्याचं आंदोलन उभं केलं, ते चाकणलाच. उत्पादन खर्चावर आधारित भाव, ही त्यांची मागणी. आज त्याच चाकणच्या मोठ्या कारखान्यांना आमचे गाळेवाले पार्ट पुरवतात, आणि दर ठरवताना शेतकऱ्याचा ए-२ देखील धड धरत नाहीत. आपल्या घामाला आणि पैशाला मोल आहे हे शेतकऱ्याच्या बाबतीत पटतं, मग टर्नरच्या बाबतीत का पटू नये?

यावर उधारीचा बोजा येतो. महिन्याला ६ लाखांचं बिलिंग आणि ९० दिवसांची उधारी असेल, तर १८ लाख कायम बाहेर अडकलेले असतात. १२ टक्क्यांनी वर्षाला २ लाख १६ हजार, म्हणजे उलाढालीच्या ३ टक्के. लहानानं मोठ्याला दिलेलं हे बिनव्याजी कर्ज आहे, आणि वर तोच मोठा दरवर्षी 'रेट रिडक्शन' मागतो. बिल फाडलं की जीएसटी पुढच्या महिन्यात भरावाच लागतो, पैसे हातात आलेले असोत वा नसोत. ९० दिवसांवरची येणी बँका बहुधा ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे खात्यातून उचलता येणाऱ्या रकमेच्या मर्यादेत, धरत नाहीत. मग पतसंस्था, भिशी, नाहीतर घरातलं सोनं.

कायदा नाही असं नाही. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज द्यायचं आहे. १ एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्याचं ४३बी(एच) कलमही लागू झालं : मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्च म्हणून वजा करता येत नाही. पण त्या व्याजाची नोटीस पाठवायची हिंमत कोण करणार? पुढची ऑर्डर त्याच दारातून यायची असते.

म्हणून मला ट्रेड्स हे बिलं वटवण्याचं ऑनलाइन व्यासपीठ जास्त कामाचं वाटतं. खरेदीदारानं तिथं बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि पुरवठादाराला काही दिवसांत पैसे मिळतात. व्याजदर ठरतो तो मोठ्या कंपनीच्या पतीवर, आपल्या कॅश क्रेडिट खात्यावर नाही. २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांनी तिथं नोंदणी करणं आता सक्तीचं आहे. नोंदणी करून बिलं मात्र न चढवणाऱ्या कंपन्यांनाही जाब विचारला जायला हवा, आणि ते उद्योजकांच्या संघटनांनी एकत्र करावं. एकट्या गाळेवाल्यावर सोडू नये.

तोवर एक गोष्ट एकट्यालाही करता येते. माझ्या सांगण्यावरून एकानं कोटेशनमध्ये दोन दर लिहिले : ३० दिवसांत पैसे दिल्यास एक, ९० दिवसांत दिल्यास दोन टक्के जास्त. खरेदी अधिकारी आधी चिडला, मग घासाघीस झाली. शेवटी ६० दिवस आणि एक टक्का यावर दोघांनी सही केली. त्याच कोटेशनमध्ये त्यानं मशीनचे १२७ रुपयेही धरले होते. मशीनचे हप्ते दोन वर्षांपूर्वीच संपले होते.